‘वेढा’ नेमका कशाला म्हणावे? किल्ल्याचा वेढा आणि मैदानातली कोंडी

पायवाट

आमच्या गावच्या वाचनालयात मराठ्यांच्या लढायांवर भित्तिफलकांचे एक छोटे प्रदर्शन मांडायचे आहे. मजकूर लिहिण्याचे काम माझ्याकडे आणि आमच्या ग्रंथपालबाईंकडे आहे. पन्हाळा, पुरंदर आणि वसई यांच्या फलकांवर ‘वेढा’ हा शब्द सहज आला आणि त्यावर कोणाचे दुमत झाले नाही. अडचण आली ती पालखेडच्या फलकाशी. मी असे लिहिले होते : ‘फेब्रुवारी १७२८ मध्ये बाजीरावांनी पालखेड येथे निजामाच्या फौजेला वेढा घातला.’ ग्रंथपालबाईंचे म्हणणे असे की पालखेडला ना किल्ला होता ना तटबंदी, निजाम उघड्या माळावर अडकला होता, मग वेढा घातला कशाला? त्यांनी ‘कोंडी केली’ असे सुचवले. माझे म्हणणे असे की चारी बाजूंनी शत्रू आणि आत दाणापाणी बंद, एवढे झाले की तो वेढाच. मध्ये भिंत आहे की नाही याने काय फरक पडतो?

पुढे भोपाळ (१७३७) आणि पानिपत (१७६१) यांचेही फलक आहेत, म्हणून प्रश्न एका वाक्यापुरता उरलेला नाही. मैदानात अडकलेल्या फौजेला ‘वेढा पडला’ असे म्हणणे मराठीच्या रीतीला धरून आहे का? आणि वेढा, घेरा, गराडा, कोंडी, नाकेबंदी हे शब्द तुम्ही एकमेकांपासून कसे वेगळे करता? जाणकारांनी सविस्तर लिहावे, ही विनंती.

शब्दवेल्हाळ

पायवाट, आधी शब्दाच्या कुळाकडे पाहू. संस्कृतातला ‘वेष्ट्’ हा धातू, त्यावरून प्राकृतात ‘वेढ’ आणि त्यापुढे आपले ‘वेढणे’ व ‘वेढा’. म्हणजे मूळ अर्थ गुंडाळणे, लपेटणे एवढाच. तो अर्थ आजही जिवंत आहे : दोरीचे वेढे, खांबाला वेलीने घातलेला वेढा, नदीने गावाला घातलेला वेढा. बोटात घालायच्या साध्या सोन्याच्या वळ्याला आमच्याकडे अजून वेढणेच म्हणतात. लढाईचा अर्थ नंतर आला आणि मग तोच ठळक झाला. त्यामुळे केवळ व्युत्पत्तीवर निकाल द्यायचा तर तटबंदीची अट कुठेच दिसत नाही.

पण व्युत्पत्तीने सगळे ठरत नाही. शब्दाबरोबर कोणती क्रियापदे नांदतात ते पाहावे, कारण वापराचे वळण तिथे कळते. वेढा घालतात, वेढा पडतो, वेढा बसतो, आवळतात, ढिला पडतो, फोडतात, मारून बाहेर पडतात, आणि शेवटी वेढा उठतो (फौज निघून जाते) किंवा उठवतात. यातली ‘बसणे’ आणि ‘उठणे’ ही जोडी मला फार बोलकी वाटते. वेढा घालणारे तिथे मुक्काम ठोकून बसलेले असतात. राहुट्या, बाजार, जनावरे, सगळे घेऊन. कोंडीला ही क्रियापदे चालत नाहीत. कोंडी होते, कोंडी फुटते, पण ‘कोंडी उठली’ असे कोणी म्हणणार नाही. गराड्याचेही तसेच. गराडा पडतो तो क्षणात, माणसांचा किंवा स्वारांचा, आणि तितक्याच पटकन पांगतो.

दुर्गभ्रमर

शब्दवेल्हाळ यांचा बसण्याउठण्याचा मुद्दा नेमका आहे. त्याला किल्ल्यांच्या बाजूने थोडी जोड देतो, कारण वेढा म्हणजे नुसते कडे करून उभे राहणे नव्हे, तो कामांचा एक मोठा क्रम आहे.

फौज येऊन उतरली की पहिल्यांदा वाटा रोखायच्या, घाटांच्या आणि खिंडींच्या तोंडावर चौक्यापहारे बसवायचे. मग मोर्चे लावायचे. मोर्चा म्हणजे तोफांसाठी आणि बंदूकवाल्यांसाठी मातीचा आडोसा करून धरलेली जागा. हे मोर्चे रात्रीतून थोडे थोडे पुढे सरकवत तटाकडे न्यायचे. तटाच्या उंचीला पोहोचण्यासाठी लाकडांचा वा मातीचा दमदमा उभारायचा आणि त्यावरून आत मारा करायचा. बुरुजाखाली सुरुंग खणून दारू ठासायची. भिंतीला खिंडार पडले की सुलतानढवा, म्हणजे सर्व बाजूंनी एकदम केलेला निकराचा हल्ला. आतल्यांनी तोवर ‘किल्ला भांडता’ ठेवायचा, आणि ते अशक्य झाले तर बोलणे लावून, कौल (अभयवचन) घेऊन किल्ला खाली करून द्यायचा. चाकणला १६६० मध्ये हा क्रम जवळजवळ पूर्ण झालेला दिसतो. फिरंगोजी नरसाळा यांनी तो लहानसा भुईकोट शायिस्तेखानाच्या प्रचंड फौजेपुढे सुमारे दोन महिने भांडवला, मग सुरुंगाने बुरुज उडाला आणि किल्ला गेला.

पन्हाळ्याचे पाहा. महाराज मार्च १६६० मध्ये गडावर आले आणि सिद्दी जौहरने गडाभोवती पहारे बसवले. पावसाळा आला की वेढे ढिले पडतात, हा सह्याद्रीतला नेहमीचा अनुभव, पण जौहरने पावसापासून बचावासाठी छपरे घालून घेतली आणि चौक्या जागेवरच ठेवल्या. बाहेरून नेताजी पालकरांनी कडे फोडण्याचा प्रयत्न केला, तो सफल झाला नाही. राजापूरच्या वखारीतले इंग्रज तोफा घेऊन जौहरच्या मदतीला आले होते, आणि त्याचा जाब त्यांना पुढल्याच वर्षी द्यावा लागला. जुलैतल्या त्या रात्री महाराज निसटले तेव्हा वेढा उठलेला नव्हता, फुटलेलाही नव्हता. त्यातून एक वाट काढली गेली. पुढे विशाळगडाच्या पायथ्याशीही सुर्वे आणि दळवी या आदिलशाहीच्या सरदारांचे मोर्चे बसलेले होते, ते मारून वर जावे लागले. एका वेढ्यातून निघून दुसऱ्या वेढ्याला बाहेरून भिडायचे, असा तो प्रसंग आहे. घोडखिंडीत बाजीप्रभू लढले ते या दोन वेढ्यांच्या मध्ये.

माझ्या मते, जिथे मोर्चे लावायला काही ठाम जागा आहे तिथे वेढा. पालखेडला बाजीरावांनी मोर्चे लावले नव्हते. ग्रंथपालबाईंचे बरोबर आहे.

मृद्गंध

मला एक विचारायचे आहे. ‘घेरा’ हा वेढ्याचाच प्रतिशब्द आहे ना? हिंदीत तर ‘घेरा डालना’ म्हणजे वेढा घालणेच.

सह्यकडा

मृद्गंध, आजच्या बोलण्यात तुम्ही म्हणता तसा वापर होतो, पण गडांच्या परिसरात ‘घेरा’ या शब्दाला स्वतःचा जुना अर्थ आहे आणि तो जवळजवळ उलट आहे. घेरा सिंहगड, घेरा पुरंदर, घेरा यशवंतगड, घेरा रसाळगड ही महसुली गावांची नावे आजही सातबाऱ्यावर आहेत. घेरा म्हणजे किल्ल्याभोवतीचा, किल्ल्याच्या ताब्यातला मुलूख : उतारावरचे जंगल, मेटे (पहाऱ्याच्या जागा), त्या मेटांवर वस्तीला असलेले राखणदार, त्यांच्या इनामाच्या जमिनी. गडाची पहिली राखण हे लोक करत. शत्रूचा माणूस रात्री झाडीतून वर सरकू लागला तर त्याची चाहूल गडावरच्या पहारेकऱ्याआधी मेटावरच्या कुत्र्यांना आणि माणसांना लागे.

म्हणून गडाच्या भाषेत घेरा हा राखणाऱ्यांचा आणि वेढा हा घेणाऱ्यांचा. वेढा घालणाऱ्याला आधी घेरा ताब्यात घ्यावा लागतो. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडाच्या जवळपास दुसरा डोंगर असू नये, असल्यास तो फोडून टाकावा, ते जमण्याजोगे नसेल तर तो मोकळा न सोडता बांधून बळकट करावा, असे बजावले आहे. गडाला एकच दरवाजा नसावा, चोरदिंड्या (लपलेले लहान दरवाजे) असाव्यात, असेही सांगितले आहे. हे सगळे वेढ्याचा विचार करून लिहिलेले आहे. पुरंदरला काय झाले ते आठवा. एप्रिल १६६५ मध्ये शेजारचा वज्रगड दिलेरखानाच्या हाती पडला आणि तिथून पुरंदरच्या माचीवर तोफा चालू लागल्या. मुरारबाजी देशपांडे पडले ते त्यानंतरच्या लढाईत, आणि जूनमध्ये तह होऊन तेवीस किल्ले गेले.

खलिता

दुर्गभ्रमर यांच्या निष्कर्षाशी मी सहमत नाही. मोर्चे लावण्याची जागा हवी, ही कसोटी नीटस वाटते, पण संताजी घोरपडे यांच्या मोहिमा समोर ठेवल्या की ती कमी पडते.

जिंजीचा वेढा घ्या. मोगल सरदार झुल्फिकारखान १६९० मध्ये तिथे पोहोचला आणि किल्ला पडला तो १६९८ च्या सुरुवातीला. राजगिरी, कृष्णगिरी आणि चंद्रगिरी असे तीन डोंगर तटाने जोडलेले, त्यामुळे पूर्ण कडे करणे मोगलांना कधीच नीट जमले नाही. १६९२ च्या अखेरीस संताजी आणि धनाजी कर्नाटकात उतरले. त्यांनी बाहेरून मोगली ठाण्यांवर घाव घातले, अलीमर्दानखानाला धरले, छावणीची रसद तोडली. आता जिंजीसमोर बसलेल्या मोगलांचीच उपासमार होऊ लागली आणि त्यांना वांदिवाशपर्यंत मागे यावे लागले. त्या काही आठवड्यांत वेढा कोणी कोणाला घातला होता? किल्ला मराठ्यांचा, मोर्चे मोगलांचे, आणि भुकेने गांजलेले मोगलच.

दुसरे उदाहरण दोड्डेरीचे, चित्रदुर्गाच्या बाजूचे, १६९५ च्या नोव्हेंबरातले. कासिमखान आणि खानाजादखान या मोगल सरदारांची फौज उघड्यावर चालत होती. संताजींनी तिला आधी चालत असतानाच गाठले, झोडपले, तिचे सामान लुटले, आणि ती फौज जवळच्या लहानशा गढीत शिरली. तिथे माणसे जास्त आणि दाणा कमी. कासिमखान आतच मेला. बाकीच्यांनी मोठी खंडणी कबूल करून सुटका करून घेतली. इथे गढीत शिरण्यापूर्वी ‘कोंडी’ आणि शिरल्यानंतर ‘वेढा’ असे दोन तुकडे पाडता येतील, पण संताजींच्या बाजूने ती सुरुवातीपासून एकच कारवाई आहे. वेढ्याचा जीव भिंतीत नसून रसदीत आहे, असे मला ठामपणे वाटते. रसद तुटली, ती पुन्हा सुरू करण्याची ताकद आतल्यांत उरली नाही, आणि बाहेरचे थांबायला तयार आहेत, म्हणजे वेढा झाला.

पायवाट

खलिता, हाच माझा मुद्दा होता, तुम्ही तो माझ्यापेक्षा नेटका मांडलात. मात्र मग पानिपताचे काय करायचे? तिथेही मराठ्यांची रसद तुटली होती. ‘पानिपताच्या वेढ्यात’ असे लिहिताना मात्र माझाही हात अडखळतो.

यमुनातीर

पानिपतावर थोडे सविस्तर लिहितो, कारण तिथे हा शब्द चुकला तर लढाईचे चित्रच चुकते.

मराठ्यांनी ऑक्टोबर १७६० मध्ये कुंजपुरा घेतला. तिकडे असतानाच अब्दालीने बागपतजवळ यमुना ओलांडली आणि तो मराठे व दिल्ली यांच्या मध्ये येऊन उभा राहिला. म्हणजे मराठ्यांची दक्षिणेची वाट तुटली, हे खरेच. पण अब्दालीचीही अफगाणिस्तानाची वाट मराठ्यांच्या पलीकडे गेली. नोव्हेंबरात दोन्ही फौजा समोरासमोर खंदक खणून बसल्या. त्या घडीला कोणी त्रयस्थ माणूस आला असता तर कोणी कोणाला अडवले आहे हे त्याला सांगता आले नसते.

पारडे फिरले ते हळूहळू. अब्दालीला यमुनेपलीकडून, नजीबखानाच्या रोहिल्यांच्या मुलखातून धान्य येत राहिले. मराठ्यांना पतियाळ्याच्या आला सिंगाकडून काही काळ मदत मिळत होती आणि अंतर्वेदीत, म्हणजे गंगा-यमुनेच्या मधल्या मुलखात, गोविंदपंत बुंदेले अब्दालीची रसद मारण्याच्या कामावर होते. डिसेंबरात गोविंदपंत मारले गेले आणि ती बाजू संपली. छावणीत लढणाऱ्यांच्या बरोबरीने यात्रेकरू, बायकामुले, बाजारबुणगे. कहीवर, म्हणजे वैरण आणि लाकूडफाटा आणायला रात्री बाहेर पडलेले लोक अफगाण स्वारांच्या हाती सापडून कापले जाऊ लागले, तेव्हापासून छावणीच्या बाहेर पाऊल टाकणेच कठीण झाले. उत्तरेच्या थंडीत, अंगावर पुरेसे पांघरूण नाही, जनावरे मरून पडलेली, अशा अवस्थेत ती माणसे दोन महिने होती. हे वाचताना मला अजूनही फार वाईट वाटते.

तरीही अब्दालीने मराठ्यांना वेढा घातला, असे मी लिहिणार नाही. त्याने छावणीवर मोर्चे चालवले नाहीत, आणि भोवती अखंड कडेही नव्हते. त्याने वाटा मारल्या आणि वाट पाहिली. याला ‘कोंडी’ हाच शब्द नेमका आहे, आणि ती दोन महिन्यांत घट्ट होत गेलेली कोंडी आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी मराठे छावणी सोडून निघाले ते दिल्लीकडे वाट काढण्यासाठी. ‘वेढा फोडायला निघाले’ असे म्हटले तर समोर अब्दालीची सगळी फौज रांगा लावून मैदानात उभी होती, हे वाचणाऱ्याच्या लक्षात येणार नाही. खलिता यांच्या कसोटीत रसद आहे, पण जागा नाही. दोन्ही लागतात.

राईनकाठी

मी गेली बरीच वर्षे जर्मनीत राहतो, म्हणून तिकडची एक गोष्ट सांगतो. ती या चर्चेला लागू पडते. किल्ल्याच्या किंवा शहराच्या वेढ्याला जर्मनमध्ये ‘बेलागेरुंग’ म्हणतात आणि मैदानात चहूबाजूंनी अडकलेल्या फौजेच्या अवस्थेला ‘केसेल’ म्हणतात. केसेल म्हणजे मोठे पातेले किंवा हंडा. रशियनमध्येही ‘कोत्योल’ हा त्याच अर्थाचा, त्याच भांड्याचा शब्द आहे. स्टालिनग्राडला १९ नोव्हेंबर १९४२ रोजी सोव्हिएत फौजांनी दोन बाजूंनी मुसंडी मारली, २३ तारखेला त्यांची टोके कलाचपाशी जुळली आणि अडीच लाखांहून अधिक माणसे आत सापडली. त्यांना रोज किमान ३०० टन सामान विमानाने हवे होते, सरासरी त्याच्या निम्मेही पोहोचले नाही. २ फेब्रुवारी १९४३ रोजी शेवटच्या तुकडीने शस्त्रे ठेवली. याला केसेल म्हणतात. लेनिनग्राडच्या प्रसंगाला मात्र रशियन लोक ‘ब्लकादा’ म्हणतात, म्हणजे नाकेबंदी. तिथे लाडोगा सरोवराची बाजू उघडी होती आणि हिवाळ्यात गोठलेल्या बर्फावरून मालमोटारी धान्य आणत.

म्हणजे यमुनातीर करतात तसा भेद इतर भाषांनीही केलेला आहे. मराठीत ‘कोंडी’ हा शब्द त्या कामाला पुरेसा आहे, फक्त तो आपण अलीकडे वाहतुकीसाठीच राखून ठेवला आहे.

दर्यावर्दी

लेनिनग्राडचा उल्लेख झाला म्हणून वसई आठवली. कडे पूर्ण बंद असावे, अशी अट घातली तर वसईचा वेढा हा वेढाच ठरणार नाही. किल्ल्याच्या तीन बाजूंना पाणी आणि दलदल, जमिनीची बाजू एकच. चिमाजीअप्पांचे मोर्चे त्या एका बाजूला होते. समुद्राची बाजू बंद करण्यासाठी त्यांनी इतर ठाण्यांवर काम केले : अर्नाळा १७३७ मध्येच घेतला होता, आणि १७३९ च्या सुरुवातीला व्यंकटराव घोरपडे यांना गोव्यात, साष्टीत उतरवून मडगाव ताब्यात घेतले, म्हणजे गोव्याहून वसईला कुमक पाठवण्याची पोर्तुगिजांना सवडच राहू नये. मुंबईच्या इंग्रजांनी मदतीला नकार दिला. मग सुरुंगांनी बुरुज उडवले आणि मे महिन्यात किल्ला शरण आला. गोव्यात लढलेल्या मराठ्यांना मी वसईच्या वेढ्यातलेच मानतो, जरी त्यांनी वसईचा तट डोळ्यांनीही पाहिला नसेल.

माजी सैनिक

मी पायदळात नोकरी केली आहे. तिथे बोलण्यात हिंदी ‘घेरा’ आणि ‘घेराबंदी’ हेच शब्द असत, ‘वेढा’ हा आम्ही घरी आल्यावर वापरायचो. पण मराठी माणसांनी स्वतः भोगलेला एक मोठा वेढा इथे कोणी सांगितला नाही, म्हणून लिहितो.

पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात गेलेली सहावी पुणे डिव्हिजन, जनरल टाउनशेंड यांच्या हाताखालची. तिच्यात १०३ आणि ११० मराठा लाइट इन्फंट्री आणि ११७ मराठा या पलटणी होत्या. बगदादच्या अलीकडून माघार घेऊन ही फौज डिसेंबर १९१५ मध्ये कुत-अल-अमारा या गावी येऊन थांबली. शब्दवेल्हाळ यांनी नदीच्या वेढ्याचा उल्लेख केला आहे. कुत हे गाव टायग्रिस नदीच्या अशाच एका वेढ्यात वसलेले आहे, तीन बाजूंना नदी. चौथ्या बाजूला तुर्कांनी खंदक खणले. ७ डिसेंबरपासून २९ एप्रिल १९१६ पर्यंत, जवळजवळ पाच महिने हा वेढा चालला.

अन्न संपत आले तेव्हा घोडे आणि खेचरे कापून खाण्याची वेळ आली. हिंदी शिपायांपैकी पुष्कळांनी ते मांस खायला नकार दिला. धर्माच्या जाणत्यांकडून परवानगी मिळवून कळवली, तरी बहुतेकांनी फार उशिरापर्यंत शिवले नाही आणि त्यांची अवस्था गोऱ्या शिपायांपेक्षा वाईट झाली. विमानांतून पिठाची पोती टाकली, ती थोडीच. काही नदीत पडली. रसद घेऊन निघालेली जुल्नार ही आगबोट तुर्कांनी वाटेत धरली. सोडवायला आलेल्या फौजा तीन-चार वेळा लढून मागे फिरल्या. शेवटी सुमारे १३,००० माणसे कैद झाली आणि त्यांतली फार मोठी संख्या पुढे वाळवंटातल्या पायपिटीत व कैदेत मेली. त्यांतल्या मराठी शिपायांची खेडी सातारा, रत्नागिरी, कोल्हापूर या भागांतली होती. आपल्याकडे वेढा म्हटले की पन्हाळा आठवतो. कुतही आठवावे, असे मला मनापासून वाटते. तिथे किल्ला म्हणावा असा नव्हताच, मातीच्या घरांचे एक गाव होते. तरी त्याला मी वेढ्याशिवाय दुसरा शब्द लावणार नाही.

शब्दवेल्हाळ

माजी सैनिक, तुमचा प्रतिसाद वाचून थोडा वेळ काही लिहावेसे वाटले नाही. आभारी आहे.

कुतच्या उदाहरणाने माझ्यापुरता एक गुंता सुटला. यमुनातीर म्हणतात ती ‘जागा’ म्हणजे तटबंदीच असली पाहिजे असे नाही. आतल्यांनी एक जागा धरून ठेवायची ठरवली आहे आणि बाहेरच्यांनी ती घ्यायची ठरवली आहे, एवढे पुरे. कुत गाव टाउनशेंडने धरले होते. पालखेडच्या माळाला मात्र निजामाने धरलेले नव्हते. तो तिथून कसाही निसटू पाहत होता.

मृद्गंध

‘मोर्चा’ शब्दाचा उलगडा दुर्गभ्रमर यांनी केला, तेव्हा लक्षात आले की मोर्चेबंदी, मोर्चा सांभाळणे हे आपण रोज वापरतो आणि त्यातली तोफ विसरून गेलो आहोत. फारसीतल्या मोर्चालपासून निघालेला हा शब्द एका जागी खिळून बसण्याचा होता, आणि आज मोर्चा म्हणजे रस्त्याने चालत जाणारा जमाव. ‘घेराव’ तर १९६७ च्या सुमारास बंगालमधल्या कामगार चळवळींतून सगळ्या देशभर पसरला. त्यातही अधिकाऱ्याला खुर्चीवरून उठू द्यायचे नाही, म्हणजे जागा आहेच.

कृष्णाकाठ

वर्तमानपत्रांबद्दल थोडे. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आमच्या सांगलीकडच्या गावांना ‘पुराचा वेढा’ पडल्याच्या बातम्या होत्या. तो वापर मला योग्य वाटतो. पाणी चारी बाजूंनी, वाटा बंद, आतल्यांना होडीतून पीठ आणि औषधे येत होती, आणि पाणी कधी उतरेल याची वाट पाहण्याखेरीज हाती काही नव्हते. शब्दातली प्रत्येक गोष्ट तिथे होती. मात्र ‘व्यसनांचा वेढा’, ‘कर्जाचा वेढा’ असे लिहितात ते खटकते. तिथे ‘विळखा’ हवा. विळखा अंगाला भिडलेला असतो आणि आवळतो. वेढ्यात मध्ये मोकळी जमीन असते, आणि त्या जमिनीमुळेच आतला माणूस इतके दिवस तग धरतो.

दुर्गभ्रमर

कृष्णाकाठ यांचा विळख्याचा भेद आवडला. मोर्चे लावण्याची माझी अट कुतमुळे सैल करायला मी तयार आहे, पालखेडबाबतचे मत मात्र तेच राहते. पायवाट, एक खबरदारी घ्या : फलकावर पालखेड वैजापूरजवळचे, असे स्पष्ट लिहा. नाशिक जिल्ह्यातही पालखेड आहे आणि तिथल्या धरणामुळे लोकांचा गोंधळ होतो.

खलिता

एक शेवटची अडचण मांडतो आणि थांबतो. भोपाळ. डिसेंबर १७३७ मध्ये निजाम भोपाळच्या आश्रयाला गेला, बाजीरावांनी भोवती फौज बसवली, दाणावैरण बंद केली. तिकडे दक्षिणेतून नासिरजंग बापाच्या मदतीला येऊ नये म्हणून चिमाजीअप्पा तापीच्या अंगाला थांबले होते. इथवर सर्वांच्या मते वेढा. पण निजाम मग तोफांच्या आडोशाने बाहेर पडला आणि दिवसाला जेमतेम काही मैल असा सरकत राहिला. मराठे त्याच्या चारी अंगांनी बरोबर चालत होते. ७ जानेवारी १७३८ रोजी दुराहासराईला त्याने तह केला. जागा सुटली, रसद तुटलेलीच, कडे कायम. हा चालता वेढा म्हणायचा की काय?

यमुनातीर

खलिता, भोपाळ शहरापुरता वेढा आणि तिथून दुराहापर्यंत कोंडी, असे मी लिहीन. तो गावातच राहिला असता तर तोफखान्याच्या आधाराने अधिक टिकला असता. त्याने जागा सोडली आणि त्याचे बळ कमी झाले, हे दोन शब्दांमुळे वाचकाला आपोआप दिसेल.

पायवाट

सर्वांचे मनापासून आभार. ग्रंथपालबाईंनाही हा धागा वाचून दाखवला. आम्ही ठरवलेला मजकूर असा :

पालखेड : ‘फेब्रुवारी १७२८ मध्ये वैजापूरजवळच्या पालखेड येथे बाजीरावांनी निजामाची कोंडी केली. जड तोफखाना मागे राहिलेला आणि दाणापाणी तुटलेले, अशा अवस्थेत निजामाला बोलणे लावावे लागले आणि ६ मार्च रोजी मुंगी-शेवगावचा तह झाला.’

भोपाळ : ‘डिसेंबर १७३७ मध्ये बाजीरावांनी भोपाळला वेढा घालून निजामाला आत अडकवले. तोफांच्या आडोशाने तो बाहेर पडला, पण मराठ्यांनी त्याची कोंडी सुटू दिली नाही आणि दुराहासराई येथे त्याने तह केला.’

पानिपतासाठी यमुनातीर यांच्या प्रतिसादातला रसदीचा भाग त्यांच्या परवानगीने संक्षेपाने घेत आहे. कुतचा फलक आमच्या यादीत नव्हता. तो आता वाढवला आहे, पन्हाळ्याच्या शेजारीच लावू. माजी सैनिक, मजकूर तुम्ही तपासून द्याल का?

माजी सैनिक

जरूर देईन. पलटणींची नावे त्या काळी होती तशीच ठेवा, आजच्या बटालियनांचे क्रमांक घालू नका. आणि जमल्यास नदीच्या वळणाचा साधा नकाशा काढा, त्याशिवाय ते गाव कसे अडकले हे कळणार नाही.

यमुनातीर

परवानगी आहेच. फक्त ‘बाजारबुणगे’ हा शब्द फलकावर घेताना तो त्या काळच्या अर्थाने, म्हणजे छावणीबरोबरचे न लढणारे लोक या अर्थाने आला आहे, हे कंसात मराठीतच स्पष्ट करावे.